एकतिसावी पायरी

१

मी खुर्ची ओढली आणि बसणार, एवढ्यात गौरम्मा काकू दारातून म्हणाल्या, "तितं नको बसू गं भुवना. ते स्टूल घे की."

घेतलं स्टूल. माणूस जाऊन सहाच महिने झालेत, त्याच्या खुर्चीवर कुणीही येऊन बूड टेकवावं असं घरच्यांना वाटत नाही, एवढं मला कळतं. शिवाय एप्रिलातलं सोलापूर. त्या काळ्या रेक्झिनपेक्षा प्लॅस्टिकचं स्टूल बरंच. खुर्ची तशीही बिघडलेली दिसत होती. गॅसवर वरखाली होणारी असते ना, तसली. रिकामी असूनही दबलेलीच होती.

ईश्वरप्पा सर, काकूंचे यजमान, आम्हाला तंत्रनिकेतनात शिकवायला होते. प्रश्न विचारायचे, आणि उत्तराची वाट बघत टेबलावर नखाने दोनदा टकटक करायचे. थांबायचे. परत दोनदा. उत्तर येईपर्यंत पुढे जायचे नाहीत, मग तास संपला तरी बेहत्तर. निवृत्त झाल्यावर बाळीवेशीमागच्या ह्या घराच्या मागच्या खोलीत बसून त्यांनी एकट्याने एक आख्खी प्रोग्रॅमिंगची भाषा केली. नाव ठेवलं धोटा, मागावर आडवा दोरा नेतो तो. चादरीच्या कारखान्यातला डिझायनर धोट्यात चार ओळी लिहितो, मोर एवढा, वेल एवढी, काठ असा, आणि सरांचा कंपायलर त्या ओळींची जॅकार्ड मागाला कळेल अशी फाईल करून देतो. बत्तीस कारखाने त्यावर चालायचे.

आता मागांवर नवी यंत्रं बसली. त्यांना वेगळ्या पद्धतीची फाईल लागते. म्हणजे कंपायलरमध्ये दुरुस्ती आली, आणि दुरुस्ती केली की आख्खा कंपायलर नव्याने बांधून काढणं आलं. ह्या बांधणीला आम्ही बिल्ड म्हणतो. धोट्याचं बिल्ड जगात एकाच मशीनवर व्हायचं, ते ह्या खोलीतल्या, आणि त्याला पाऊण तास लागायचा. माझं तर पोटच त्यावर चालतं. पुण्याच्या कंपनीत बिल्ड लवकर कशी होतील ते बघणं हेच माझं काम. लोकांचं वाट बघणं कमी करते, असं मी पाहुण्यांना सांगते. म्हणून सरांच्या मुलाचा, शिवराजचा फोन आला तशी मी पंधरा दिवसांची सुट्टी टाकली आणि जुळे सोलापुरात माहेरी येऊन बसले.

शिवराजची घाई वेगळीच होती. तो राहतो बंगळूरला. जानेवारीत काकू स्वयंपाकघरात पडल्या, तेव्हापासून त्याच्या जिवाला घोर.

"आई हलायलाच तयार नाही बघ," तो फोनवर म्हणाला. "म्हणते मशीन कोण चालवणार. तू ते तुझ्या लॅपटॉपवर नेलंस की तिला निमित्तच उरत नाही. तीस तारखेला घराची किल्ली द्यायचीय."

"म्हणजे मी बिल्ड सुधारायचं का काकूंना घराबाहेर काढायचं?"

"दोन्ही," तो म्हणाला. निदान खरं तरी बोलला.

२

सरांचा एक नेम होता. दुरुस्ती असो नसो, रोज दुपारी चार वाजता बिल्ड. ते गेल्यावर तो नेम काकूंनी चालवला. घड्याळात चार वाजले की त्या पदराला हात पुसत यायच्या, उभ्या उभ्याच माउस धरायच्या आणि पडद्यावरच्या एका चित्रावर दोनदा दाबायच्या.

"ह्येंनी शिकवलं हुतं," त्या म्हणाल्या. "मला काय कळतंय त्यातलं. दाबायचं तेवढं कळतंय."

पडद्यावर पायऱ्या सरकायला लागायच्या. पायरी एक, पायरी दोन. धोट्याच्या बिल्डला एकतीस पायऱ्या. तिसापर्यंत सुटे भाग तयार होतात आणि एकतिसावीत सगळे जोडले जातात. तीस पायऱ्यांना सव्वीस मिनिटं लागली. तेवढ्यात काकू चहा घेऊन आल्या. तीन कप. एक मला, एक त्यांना, आणि एक त्यांनी कीबोर्डशेजारी ठेवला, खुर्चीच्या समोर.

आमच्याही घरात आजोबांच्या फोटोपुढे सकाळचा चहा ठेवायचे.

एकतिसावी पायरी सुरू झाली आणि थांबली. मी आपली सवयीने मशीनचा हालहवाल बघितला. प्रोसेसर रिकामा. डिस्कचा दिवा बंद. मशीन काहीही करत नव्हतं, आणि तरी ती पायरी चालू होती. काकू दाराजवळच्या पाटावर बसून बोलत होत्या. शेपूची जुडी, गल्लीतलं नळाचं पाणी, सिद्धेश्वरीच्या पोरीचं स्थळ. सिद्धेश्वरी ही त्यांची वळसंगची बहीण. मी "हो का, हो का" करत होते. बऱ्याच वेळाने माझ्या लक्षात आलं, की त्या माझ्याकडे बघून बोलत नाहीयेत.

एकोणीस मिनिटांनी त्या उठल्या, कप उचलले. कीबोर्डशेजारचा कप उचलला त्याच क्षणी पडद्यावर सरांनी लिहून ठेवलेला शब्द उमटला. झालं.

योगायोग, मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

३

पहिल्या चार दिवसांत मी तीस पायऱ्यांची पार चटणी केली. सर एकामागून एक भाग बांधायचे, मी चार-चार एकदम बांधायला लावले. ज्या भागात काही बदललंच नाही तो परत बांधायचा नाही, अशी सोय केली. सव्वीस मिनिटांची झाली तीन. मी माझ्यावरच खूश. चार वाजता काकूंना म्हटलं, दाबा आता आणि बघा गंमत.

चार वाजून तीन मिनिटांनी एकतिसावी पायरी लागली. आणि थांबली. काकू त्यांच्या वेळेला, चार पंचवीसला चहा घेऊन आल्या. चार पंचेचाळीसला कप उचलला. झालं.

पाऊण तास. माझी तेवीस मिनिटं त्या एका पायरीने गिळली होती.

हात्तिच्या, म्हणजे कुठेतरी घड्याळ बघून थांबतंय. मी सरांनी लिहिलेला प्रोग्रॅमचा सगळा मजकूर पालथा घातला. कुठे थांबा नाही, घड्याळ नाही. मग उन्हाळ्यावर खापर फोडलं. मशीन तापत असेल म्हणून टेबलफॅन लावला. डिस्क तपासली, ती ठणठणीत. इंटरनेटची वायर काढली. मशीनला कॅमेरा नाही, माइक नाही. काकू काय करतायत ते त्याला कळायला त्याच्याकडे काहीही नव्हतं.

सातव्या दिवशी मी म्हटलं, "काकू, आज चहा जरा लवकर करता का? डोकं दुखतंय."

चार पाचला चहा आला. चार चोवीसला कप उचलला. झालं.

त्या दिवशी मी आणखी एक गोष्ट बघितली, आणि ती मला आवडली नाही. काकूंच्या बोलण्यात माझा चहा तसाच राहिला होता आणि त्यावर साय धरली होती. म्हशीच्या दाट दुधाचा चहा, पाच मिनिटांत साय धरतो. कीबोर्डशेजारच्या कपात चहा काठोकाठ होता, एक थेंब कमी नाही. पण साय नव्हती. कुणीतरी वरून हलकेच फुंकर घालत असावं, तसा चहा मध्ये जरा हलत होता. पंख्याचा वारा असणार. पंखा माझ्या बाजूला होता, हे मला घरी गेल्यावर आठवलं.

४

सर टापटिपीचे. अकरा वर्षांच्या प्रत्येक बिल्डची नोंद त्यांनी ठेवली होती, कोणती पायरी कधी सुरू झाली आणि कधी संपली. मी ती पहिल्याच दिवशी बघायला हवी होती, पण आपण शहाणे, आपल्याला कशाला नोंदी लागतात.

अकरा वर्षं एकतिसावी पायरी चाळीस सेकंदांत व्हायची. रोज. गेल्या चौदा ऑक्टोबरपर्यंत. चौदा तारखेला ती चार सव्वीसला सुरू झाली होती, आणि पुढे संपल्याची वेळच नव्हती. पुढचे अकरा दिवस कोरे. मग रोज एकोणीस मिनिटं, बावीस मिनिटं, सतरा मिनिटं.

जानेवारीत, गड्ड्याची जत्रा असते त्या दिवसांत, एक नोंद मी तीनदा वाचली. तेरा तारखेला चार सव्वीसला सुरू. सोळा तारखेला संध्याकाळी सहा वाजून सहा मिनिटांनी पूर्ण. त्र्याहत्तर तास चाळीस मिनिटं.

मी शिवराजला फोन लावला. "काकू पडल्या ती तारीख कोणती रे?"

"तेरा. दुपारी, चहा करताना. तीन दिवस दवाखान्यात होती. आणि घरी आणलं तर आल्या आल्या परत चहा ठेवला गं बाईने! मी किती ओरडलो तिला."

"आणि सर गेले त्या दिवशी मशीन कुणी बंद केलं?"

"मीच, पहाटे आल्यावर. मेन स्विच काढला. लोक यायला लागले होते आणि ते आपलं घुंई करतंय. का गं?"

"काही नाही," मी म्हटलं.

आता ह्यातली मेख सांगते. धोट्याचा कंपायलर धोट्यातच लिहिलेला आहे. म्हणजे नवा कंपायलर बांधायला कालचा कंपायलर लागतो. मी हे काकूंना समजावत होते, तर त्या म्हणाल्या, "मंग विरजण की हे." बरोबर विरजणच. कालच्या दह्यातलं चमचाभर घेऊन आजचं दही लावायचं. सर जुना कंपायलर बाजूला ठेवायचे नाहीत, नवा त्याच्याच जागी लिहायचे. जुनं विरजण कोण जपतं? कारखान्यांकडे गेलेल्या प्रती नुसत्या नक्ष्या करतात, कंपायलर बांधण्याची सोय त्यांत नाही. म्हणजे चौदा ऑक्टोबरची जोडणी चालू असतानाच मेन स्विच निघाला, आणि त्या अर्धवट राहिलेल्या विरजणावर पुढचं सगळं दही लागत आलं.

अर्धवट लिहिलेली फाईल चालायलाच नको. मी हे शपथेवर सांगते. ती रोज चालत होती.

५

रविवारी मी सगळं लॅपटॉपवर उतरवलं आणि माहेरच्या माडीवर बिल्ड लावलं. चारची वेळ मुद्दाम धरली नव्हती, पण बघते तर चारच वाजले होते. खाली आईबाबा वामकुक्षी घेत होते. कूलरचा आवाज, पडद्यातून येणारं ऊन.

चार वाजून दोन मिनिटांनी एकतिसावी.

पाच वाजले. मी पुस्तक उघडलं. एक पान चार वेळा वाचलं. खोलीत काहीही नव्हतं, हे मी पुन्हा सांगते. पण कुणी ओळखीचं माणूस आपल्याकडे आलंय, त्याला बसा म्हटलंय आणि पाणीसुद्धा विचारलेलं नाही, तेव्हा कसं अवघडल्यासारखं होतं? तसं मला त्या रिकाम्या खोलीत व्हायला लागलं. उठून खाली जावं तर ते उद्धटपणाचं वाटेल, असं वाटत होतं. कुणाला, हे मी स्वतःला विचारलं नाही.

साडेपाचला आवाज आला. टक टक. लॅपटॉपच्या बाजूने. प्लॅस्टिक तापलं की वाजतं. थोडं थांबून परत टक टक. थांबा. टक टक.

कूलर बंद केला. आवाज स्पष्ट झाला. घाईचा नव्हता, रागाचा तर नव्हताच. वर्गात आम्ही माना खाली घालून बसायचो आणि सर थांबायचे, अगदी तसा. त्यांना खात्री असायची की आपल्यातलं कुणीतरी उत्तर देईल.

चहा करून आणावा का, असं माझ्या मनात आलं आणि मी स्वतःवरच खेकसले. इंजिनिअर ना तू? पावणेसातला मी लॅपटॉपचं बटण दाबून धरलं. पडदा काळा व्हायच्या आधी तोंडातून निघून गेलं, "सॉरी सर."

मला भीती वाटली होती, खोटं कशाला बोलू. पण त्याहून जास्त वाईट वाटलं. कुणाला तरी दारातून परत पाठवल्यासारखं.

६

"विरजणच नसलं तर दही कसं लावतेस?" सोमवारी काकूंनी विचारलं. मी पडेल चेहऱ्याने स्टुलावर बसले होते.

"नाही लावत. डेअरीतून आणते."

"मिरचीचं देठ टाकायचं दुधात. कोमट करून. पयलं दही जरा पातळ येतंय, मंग त्याच्यावर दुसरं लावायचं."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. सहा दिवस मी घरी बसून तेच केलं. धोट्याशी काही संबंध नसलेल्या दुसऱ्या भाषेत, हाताने, एक ओबडधोबड कंपायलर लिहिला. त्याला कामापुरता धोटा कळत होता, बस्स. त्यावर सरांचा मजकूर बांधला, आणि जे आलं त्यावर परत बांधला. अठ्ठावीस तारखेला बाळीवेशीत गेले, लॅपटॉप सरांच्या मशीनशेजारी ठेवला आणि बटण दाबलं. तीस पायऱ्या, दोन मिनिटं. एकतिसावी, चार सेकंद. झालं.

दोन्ही मशीनवरच्या फायली ताडून बघितल्या. आकार तोच. नऊ जागी फरक. सरांच्या मशीनवरच्या त्या नऊ जागांत काय आहे, ते मला वाचता आलं नाही.

काकू चहा घेऊन दारात उभ्या होत्या.

"झालं?"

"झालं काकू! चार सेकंद. आता कुठल्याही मशीनवर होईल. कारखान्यातली पोरंसुद्धा करतील." मी हे हसत बोलले, ते आठवलं की अजून लाज वाटते.

त्या ट्रे धरून तशाच उभ्या राहिल्या. मग सावकाश आत आल्या, एक कप कीबोर्डशेजारी ठेवला. सरांच्या मशीनवर त्यांनी लावलेलं चारचं बिल्ड एकतिसावर येऊन थांबलेलं होतं.

"मी वळसंगला गेलते," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी. सिद्धेश्वरीच्या नातीचं बारसं. दुपारच्या एस्टीनं येते म्हणलं हुतं ह्येंना. आन बसले की गप्पा मारत. एस्टी चुकली. साडेसहाला आले तर ह्ये खुर्चीत. मान खाली. हितं एकतीस." त्यांनी पडद्याला बोट लावलं. "तुला म्हाईत नाय, ह्ये आपणहून कधी उठायचेच न्हायत. भूक न्हाय, तहान न्हाय. मी चहा आणायची, ह्ये प्यायचे, मंग मी म्हणायची, एळ्री. मंगच उठायचे. अकरा वर्षं, रोज. त्या दिवशी कोण म्हणणार?"

एळ्री म्हणजे उठा. आमच्याही घरात कानडी आहे.

"मग आता रोज म्हणता का?" मी विचारलं.

त्यांनी मान हलवली. "चहा देते."

"उठा म्हणत नाही?"

"म्हणलं आन उठले तर?" त्यांचा आवाज एकदम फाटला. "मंग मी चार वाजता काय करू गं?"

मला वाटत होतं सरांनी काकूंना ह्या घरात धरून ठेवलंय. शिवराजलाही तसंच वाटत होतं. माझ्या जिभेला कधीच हाड नव्हतं, त्या दिवशी तर नव्हतंच. मी म्हटलं, "काकू, सहा महिने झाले. ते थांबलेत. मी माडीवर बघितलं ना, पावणेतीन तास. ते फार थांबतात हो."

"तू गप बस," त्या म्हणाल्या. माझा कप तसाच भरलेला उचलला आणि आत घेऊन गेल्या. कीबोर्डशेजारचा राहिला. त्या दिवशीची नोंद मी नंतर बघितली. दोन तास अकरा मिनिटं.

७

तीस तारखेला घरात काही उरलं नव्हतं. टेम्पो दुपारीच भरून गेला. शिवराज पुढच्या खोलीत किल्ल्यांना चिठ्ठ्या लावत होता. मागच्या खोलीत मशीन, टेबल, खुर्ची आणि माझं स्टूल. भंगारवाला पाचला येणार होता.

मी यायला नको होतं खरं तर. माझं काम झालं होतं, कारखान्यांना नवं बिल्ड पोचलं होतं. पण पाय तिकडेच वळले.

चार वाजता काकू आल्या. नव्या घडीचं इरकली लुगडं नेसलेल्या, कपाळाला विभूती. माझ्याकडे बघितलं नाही. दोनदा दाबलं. तीन मिनिटांनी एकतिसावी पायरी आली. भांडी तर गेली होती, तर त्यांनी पिशवीतून थर्मास काढला आणि दोन स्टीलच्या वाट्या. मग माझ्याकडे बघून तिसरी काढली. माझा जीव भांड्यात पडला.

चहा ओतला. पाट नव्हता, त्या भिंतीला टेकून खाली बसल्या. आणि बोलायला लागल्या. शिवराजचं घर सहाव्या मजल्यावर आहे. लिफ्ट आहे. गॅलरीतून तळं दिसतं म्हणे. तिकडे शेपू मिळतो का देव जाणे. बाहेर शिवराजने दोनदा हाक मारली, त्यांनी ऐकली नाही. रिकाम्या खोलीत त्यांचा आवाज घुमत होता आणि प्रत्येक वाक्यानंतर त्या जरा थांबत होत्या, समोरच्याला बोलायला जागा ठेवावी तशा.

बराच वेळ कुणी माउसला हात लावला नाही, म्हणून पडदा आपोआप काळा झाला. काळ्या काचेत खोली दिसायला लागली. दार, भिंत, काकूंचं निळं लुगडं, खुर्चीची पाठ. मी काचेत बघत होते. खुर्चीकडे थेट बघायचं धाडस मला होत नव्हतं.

टक टक, असा आवाज आला. खुर्चीच्या हातावरून.

काकू उठल्या. गुडघ्यावर हात देत, सावकाश. टेबलाजवळ गेल्या. वाटीला हात लावला, उचलली नाही. मला वाटलं, नाही जमणार त्यांना. नको जमायला, असंही वाटलं, आणि त्या क्षणी मला बिल्डचं, घराचं, कशाचं काही पडलं नव्हतं.

"एळ्री," त्या म्हणाल्या. मग घसा खाकरून, रोजच्या, किंचित वैतागलेल्या आवाजात, नवऱ्याला बायको म्हणते तसं, "एळ्री की. होगोणु."

उठा की. जाऊया.

सरांची खुर्ची सुस्कारा सोडत दोन बोटं वर आली.

काचेत मला दाराशी काहीतरी दिसलं. पाठमोरं, पांढऱ्या शर्टासारखं, जरासं वाकलेलं. काकूंच्या मागे. इतकंच. कारण लगेच पडदा उजळला आणि त्यावर शब्द होता. झालं. मी वळले, तर दारात एकट्या काकू थर्मासचं झाकण लावत होत्या.

८

मी परत फायली ताडून बघितल्या. दुसरं मला येतं काय? सरांच्या मशीनवरची आणि माझ्या लॅपटॉपवरची. पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत सारख्या. त्या नऊ जागांतही. पुन्हा एकदा बिल्ड लावलं, चहाशिवाय. एकतिसाव्या पायरीला चाळीस सेकंद लागले. मग मी मशीन बंद केलं, रीतसर.

बाहेर शिवराजने गाडी दारात आणली होती. काकूंनी उंबऱ्याला हात लावून डोळ्यांना लावला. रडतील असं त्याला वाटत होतं, तो त्यांना धरायला पुढे झाला. त्या रडल्या नाहीत. मागच्या दारातून आत शिरल्या आणि सरकत सरकत पार पलीकडच्या खिडकीशी जाऊन बसल्या.

"आई, मधे आरामात बस की. आख्खी सीट मोकळीय," तो म्हणाला, आणि त्यांची कपड्यांची बॅग आत ठेवायला लागला.

"तितं नको ठेवू," काकू म्हणाल्या.

"का? मग कुठं ठेवू?"

काकूंनी माझ्याकडे बघितलं. थर्मास मांडीवर घट्ट धरला होता. पदराआडून दोन वाट्यांच्या कडा दिसत होत्या.

"आण इकडं," मी शिवराजला म्हटलं. त्याच्या हातातली बॅग घेतली आणि डिकीत ठेवली. मग मागचं दार, कुणाचा हात वगैरे सापडणार नाही असं बघून, हळू लावलं.